एकशे सतराव्या पानावरचा आवाज

४ नोव्हेंबर

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र न वाचता फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की माझं अर्धं काम झालं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मी असंच म्हणतो.

तुझं पुस्तक पोचलं. पाकिटावर आईचं नाव होतं, माझं नव्हतं. चिठ्ठी शोधली, पानं झटकली, काही पडलं नाही. असो.

आईला आता अक्षर दिसत नाही. हे मी तुला कळवायला हवं होतं, कळवलं नाही. उजेड कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, बाकी सगळं ती कानावर भागवते. तुझं पुस्तक तिने मांडीवर घेतलं, वास घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "जाड आहे की. एवढं काय सांगायचं होतं त्याला?" मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "वाच."

तर मी वाचतो. हो, मीच. सातवीत शाळा सोडून मोटारी उघडायला बसलेला तुझा भाऊ रोज संध्याकाळी दुकान बंद करून हात घासतो आणि तुझी कादंबरी वाचतो. तुझी वहिनी वाचते म्हणाली होती. आईने तिला दोन पानांत बाद केलं. "ही डाळ निवडल्यासारखी वाचते," म्हणाली. "खडा दिसला की बाजूला."

चाळीस लोकांच्या पंपांचं दुखणं कानाने ओळखणारा मी, मला पुस्तकाचं काय कळतं म्हणशील. पण यंत्र हातात आलं की शेवटपर्यंत उघडून बघायची माझी खोड आहे. दुपारी दुकानात बसून मी पुढचं सगळं वाचून काढलं. थोरल्याबद्दल तू "कानाने तिखट, मनाने बोथट" असं लिहिलंस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. दोन गिऱ्हाइकांना मी ते वाचून दाखवलं. पहिले दोन शब्द धंद्याला बरे आहेत.

माझं भांडण एकशे सतराव्या पानाशी आहे.

"फाटकाबाहेरून एका बाईचा कर्कश आवाज आला. ती माझं नाव घेत होती. मी वळून पाहिलं नाही."

कादंबरी आहे, सगळं रचलेलं असतं, हे मला सांगू नकोस. बाई धुलाईच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर उभी राहते, तिच्या उजव्या मनगटावर चट्टे आहेत, आणि शर्यतीच्या दिवशी ती पोराचे विसरलेले बूट घेऊन शाळेच्या फाटकात आलेली आहे. तिच्या बाजूला मी उभा होतो. वीस वर्षांचा होतो, माझेही कान होते. तो आवाज कर्कश नव्हता. घोगरा होता. वाफेने बसलेला आवाज. तिचा गळा वाफेने गेला हे आपल्या घरात भिंतींनाही माहीत आहे.

वर्तमानपत्रात वाचलं की दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यात तो शब्द बदल. आणि मला त्याच्याआधी एका ओळीने कळव: "कर्कशच्या जागी घोगरा वाच." लेखकाने सांगितलं म्हटल्यावर मी उजळ माथ्याने तसं वाचीन.

ही विनंती आहे असं समजू नकोस. आज आम्ही तिसाव्या पानावर आहोत. रोज सहा पानं होतात.

थोरला

११ नोव्हेंबर

धाकट्या,

सात वर्षांनी उत्तर दिलंस आणि तेही टाइप करून. सही तेवढी शाईची. आईला सही दिसत नाही; मीच तिला म्हणालो, "त्याचं आहे, खुशाल आहे." बाकी काय लिहिलंस ते तिला सांगितलं नाही.

तू लिहितोस, "तो शब्द माझा नाही. तो त्या बारा वर्षांच्या मुलाच्या कानाचा आहे. साहित्यात शब्द बरोबर असून चालत नाही, तो खरा असावा लागतो." वाक्य छान आहे. दुकानाबाहेर पाटीवर लावण्यासारखं आहे. पुढे तू म्हणतोस की घोगरा शब्दाला वाङ्मयात एक वेगळा वास आहे, तो तिथे शोभला नसता.

मग मी काय केलं, शब्दकोश आणला. एवढा जाडजूड, की दुकानातल्या माणसांना वाटलं मालकाने नवीन बॅटरी आणली. घोगरा काढला: बसका, जाड, खरखरीत. कर्कश काढला: कानाला टोचणारा, कठोर, भांडखोर. बघ, शब्दकोशाचा मास्तरसुद्धा माझ्या बाजूला आहे. मग तुझ्या वहिनीने वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या चाळल्या, या शब्दाचा वास शोधत. काय सापडलं सांगू? घोगरा आवाज कोणाचा, तर दरोडेखोराचा, म्हाताऱ्या वकिलाचा, मिसरूड फुटणाऱ्या पोराचा, युद्धावरून आलेल्या सुभेदाराचा. बाईचा आवाज बसला की लेखकांच्या हाताला एकच शब्द येतो. पुरुषाचा बसला तर भारदस्त, बाईचा बसला तर कर्कश. हा तुझा वास! बारा वर्षांच्या पोराच्या कानाचा कसला, तो तुमच्या सगळ्यांच्या पेनाचा आहे. पोराने तो पुस्तकांतून उचलला आणि आईच्या अंगावर टाकला.

आता माझं ऐक. माझ्या दुकानात शब्द चुकला तर मोटार जळते.

मी मोटारीच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो, हे तू लहानपणी बघून हसायचास. बेअरिंगमधलं ग्रीस संपलं की लोखंड लोखंडाला खातं, तो आवाज कर्कश. तो ऐकला की मी आधी वीज बंद करतो, मग बोलतो. पट्टा घसरतो तेव्हा चिरका. पंख्याचं झाकण सैल असेल तर भसाडा, त्यात दम काही नसतो, नुसता आरडाओरडा. आणि घोगरा? तीस वर्षं चाललेला बिडाचा जुना पंप असतो ना, बुश झिजलेलं, कडा गोल झालेल्या, त्याचा. गिऱ्हाईक म्हणतं, आवाज बदलला, नवा द्या. मी विचारतो, पाणी किती ओढतो? म्हणतं, पाणी पूर्वीएवढंच. मग मी त्याला पंपासकट परत पाठवतो. पाणी पुरतं येतंय तर आवाजाशी काय भांडण?

कर्कश म्हणजे बिघाड. घोगरा म्हणजे झीज. बिघाड झालेलं यंत्र बंद पडतं, झिजलेलं चालत असतं. हा फरक ज्याला कळत नाही त्याला मी कामावर ठेवत नाही.

तुला ती फक्त इस्त्रीवर आठवते. त्याआधी ती माचीवर होती, हे तू ऐकून आहेस, बघितलेलं नाहीस. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर लाकडी माची होती. धुऊन निघालेली गाठोडी तिथे यायची, आणि आई प्रत्येकाचा आकडा पुकारून ते घसरगुंडीवरून खाली सोडायची. कपडे उकळत्या पाण्यातून काढलेले, गाठोडं दोन माणसांच्या वजनाचं. खालची बाई तयार नसेल तर भाजून निघायची. म्हणून नियम एकच: खालून ओ आल्याशिवाय गाठोडं सोडायचं नाही. ती पुकारायची, "सत्तावीस!" खालून ओ यायची, "ओ सत्तावीस!" मग गाठोडं सुटायचं. ओ आली नाही तर पुन्हा पुकारायचं, दहा वेळा, वीस वेळा. आठ वर्षं ती त्या माचीवर होती आणि तिच्या हातून एकही बाई भाजली नाही. अकरा यंत्रं खाली धडधडत असायची आणि तिचा आकडा त्यांच्यावरून तरंगत यायचा, जोर न लावता. सुरात लागलेल्या मोटारीला जोर लागत नाही.

तो आवाज ऐकला असतास तर एकशे सतराव्या पानावर हात थबकला असता.

शेवटी तू लिहितोस, "हवं तर आईला वाचताना ते पान गाळ." वा! लिहायला धीर आणि वाचायला गाळणं? आणि हेही लिहितोस की सात वर्षांपूर्वी आईला न्यायला आलास तेव्हा मी आईच्या माघारी चारचौघांत जे बोललो, "फाटकात ओळख न देणारा आता न्यायला आलाय", ते तू स्वतःच छापून टाकलंस, आता माझ्याकडे मारायला काही उरलं नाही.

आहे, अजून उरलं आहे. पण ते तुला मारायला उपयोगी नाही.

अडुसष्टावं पान झालं काल. तिला ती शर्यतीची तयारी वगैरे आवडते आहे. "हा माझ्यावर गेलाय," म्हणाली, "एक गोष्ट दहा वेळा सांगतो."

थोरला

१६ नोव्हेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल एकशे एकाव्या पानापर्यंत आलो. मी रोज सहाची चार करायला बघतोय, आई ऐकत नाही. परवा म्हणालो, चष्मा सापडत नाही. म्हणाली, "कपाळावर आहे. मघाशी वर सरकवलास, काडी केसांत घासली." अशा माणसापुढे माणसाने करायचं काय?

फोन वाजला तर ती हात लावत नाही, तेवढंच काय ते तिच्या कानांनी सोडून दिलंय. मागे एकदा घेतला होता. पलीकडचा म्हणाला, "आजोबा, घरात बाई कोणी आहे का?" ही म्हणाली, "आहे ना, बोलतेच आहे." तो म्हणाला, "चेष्टा नको काका." तिने फोन ठेवला आणि आम्हाला हसून सांगितलं, पण त्यानंतर पुन्हा कधी उचलला नाही. लेखकाने हे कुठे लिहिलं नाही. लेखक तेव्हा इथे नव्हता.

तुझ्या वहिनीने मला काल पकडलं. जेवण झाल्यावर पानाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "एक विचारू? एका शब्दासाठी तुम्ही एवढे का पेटलात? आई माझ्याही आहेत, मलाही तो शब्द टोचला. पण तुम्ही दोन आठवडे भाताला मीठ नसलं तरी सांगत नाही."

मी म्हणालो, "शब्द चुकीचा आहे म्हणून."

"दुकानाच्या पाटीवर चुकीचा शब्द तीन वर्षं आहे. त्यासाठी तर कधी पेटला नाहीत."

बायको जुनी झाली की तिलाही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

तुझी परवानगी आली नाही, तर मला तिची गरजही नाही, हे कळवायला हे पत्र. मी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, त्यावर माझ्या अक्षरात घोगरा लिहिलं आणि तुझ्या शब्दावर चिकटवलं. चांगल्या डिंकाने. लेखकाचं पुस्तक असेल, पण वाचणारा मी आहे आणि आवाज तिचा आहे. दोघांविरुद्ध एक आहेस तू.

तीन दिवस उरले.

थोरला

१९ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

आज एकशे सतरा.

दुकानात माणसं जेवायला गेली आहेत. समोर एक पंप उघडा पडलाय, त्याला हात लावला नाही. हे पत्र तुला आजचं वाचन होऊन गेल्यावर मिळेल, म्हणजे तू माझं काही करू शकत नाहीस. म्हणूनच लिहितो आहे. धीर म्हण, नाहीतर चलाखी म्हण.

आईचा आवाज वाफेने गेला नाही. आवाज गेला म्हणून वाफ आली. आपल्या घरात ही गोष्ट उलटी सांगितली गेली, आणि मी ती चाळीसच्या वर वर्षं उलटीच चालू दिली.

मी नऊ वर्षांचा होतो. तू पाळण्यात होतास, शेजारच्या काकूंकडे. शाळा सुटली की मी कारखान्यात जाऊन माचीखाली बसायचो. मुकादमाचं गजराचं घड्याळ माचीवर असायचं, पाळी त्यावर सुटायची. त्याची टिकटिक नेमकी कुठून निघते, हे मला कळत नव्हतं. एके दिवशी मुकादम चहाला गेला आणि मी ते घड्याळ उघडलं. एक स्प्रिंग उडाली ती थेट घसरगुंडीवरून खाली गेली. दुसरी हातात राहिली. माझ्या आयुष्यात मी उघडलेलं ते पहिलं यंत्र, आणि न जोडता आलेलं शेवटचं.

मी पळालो. वाळवणाच्या छपरावर पाण्याची लोखंडी टाकी होती, दुरुस्तीसाठी रिकामी केलेली. शिडीने चढून आत उतरलो आणि बसलो.

चार वाजता पाळी सुटली. आई हाका मारायला लागली. "थोरल्या!" टाकीत आवाज चहूबाजूंनी घुमायचा, त्यामुळे ती कुठून ओरडते आहे कळत नव्हतं. तिला दोन दिवस ताप होता, घसा आधीच लाल होता, सकाळी तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केलेल्या मी ऐकल्या होत्या. वारा गार होता. ती थांबेना. ओ आल्याशिवाय थांबायची तिला सवयच नव्हती. सवय नव्हे, तो तिचा नियम होता. मला तो नियम पाठ होता, धाकट्या. रोज माचीखाली बसून मी तो ऐकत होतो. मी ओ दिली असती की ती थांबली असती.

मी दिली नाही.

सुरुवातीला भीतीने. पण खरं सांगतो, नंतर भीती नव्हती. नंतर हट्ट होता. मी म्हटलं, बघू किती वेळ ओरडते.

दिवे लागायची वेळ झाली होती. "थोरल्या" म्हणताना शेवटच्या अक्षरावर तिचा आवाज फाटला. मी तो क्षण ऐकला. कापड फाटतं तसा नव्हे, दोरी एकेक पीळ सुटत जाते तसा. त्यानंतरची हाक नुसती हवा होती. तरी ती मारतच होती, हवेच्याच हाका. मी ऐकत होतो. मला ऐकू येतं, त्याबद्दल लोक माझं कौतुक करतात.

पुढे भूक लागली आणि मी आपला आपण उतरलो.

महिनाभर तिला बोलता आलं नाही. मग आला तो घोगरा. घोगऱ्या आवाजाने माचीवर आकडे पुकारता येत नाहीत, यंत्रांखाली दबतो. मुकादमाने तिला खाली इस्त्रीवर धाडलं. एकोणीस वर्षं. मनगटावरचे चट्टे, जे तू एवढे सुंदर लिहिलेस, ते तिथले. कोणी विचारलं तर ती म्हणायची, वाफेने घसा धरला. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

म्हणून मला तो शब्द सहन झाला नाही. कर्कश म्हटलं की तो तिचा दोष होतो. घोगरा म्हटलं की कोणीतरी विचारतं, कशाने झाला? चाळीस वर्षं कोणी विचारू नये म्हणून गप्प बसलेला माणूस आज म्हणतोय, विचारा. वेळ लागला. पण शब्द चुकलाय तो चुकलाच आहे, माझ्या कबुलीने तो बरोबर होत नाही.

तू वळून पाहिलं नाहीस आणि ते छापलंस. मी ओ दिली नाही आणि तुला सात वर्षांपूर्वी फाटकावरून बोललो. आता कोण बोथट ते तूच ठरव, पेन तुझ्याकडे आहे.

माणसं जेवून आली. पंप वाट बघतोय.

थोरला

२० नोव्हेंबर

धाकट्या,

कालचं जसं झालं तसं लिहितो. रंगवायचं काम तुझं.

आई खिडकीपाशी बसली होती. तुझी वहिनी कधी नव्हे ती भाजी चिरायला तिथेच बसली. मी एकशे पंधरा वाचलं, सोळा वाचलं, सतरा उघडलं. पट्टी जागेवर होती. मी वाचलं, "फाटकाबाहेरून एका बाईचा घोगरा आवाज आला."

"थांब," आई म्हणाली. "हा शब्द त्याचा नाही."

"त्याचाच आहे."

"बोट फिरवलंस कागदावर. कागद दोन थरांचा वाजला. काय लिहिलंय त्याने?"

वहिनीची विळी थांबली. मी नखाने पट्टी सोडवली. चांगला डिंक होता, शब्दाचा अर्धा रफार घेऊन निघाली.

"कर्कश," मी म्हणालो.

आईने कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "आणि पुढे?"

"ती माझं नाव घेत होती. मी वळून पाहिलं नाही."

"ते पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिने मान हलवली, इस्त्री झालेला कपडा तपासताना हलवायची तशी. "लिहिलं म्हणायचं," म्हणाली. "मला वाटत होतं त्या दिवशी त्याला ऐकू आलं नाही. तुम्ही दोघं घरी आल्यावर मी तसंच म्हटलं होतं ना? अनवाणी धावला बिचारा."

"आई, शब्द चुकीचा आहे," मी म्हणालो.

"असू दे की. लाज वाटली की कानाला असंच ऐकू येतं. तू कशाला फुगतोस? आवाज माझा आहे."

मग मी सांगितलं. तुला काल लिहिलं ते सगळं. घड्याळ, टाकी, ताप, फाटलेली हाक. आयुष्यात पहिल्यांदा, वहिनीसमोर. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मग काय म्हणाली माहीत आहे?

"टाकीत होतास हे मला माहीत होतं."

मी म्हणालो, "कधी कळलं?"

"पहिल्याच हाकेला. शिंकलास की. मी शिडीपाशीच उभी होते."

धाकट्या, मी लोकांच्या पंपांचं दुखणं ओळखतो. दोन तास तो आवाज एकाच जागेवरून येत होता, पुढे नाही, मागे नाही, आणि मी चाळीस वर्षं समजत होतो की ती मला शोधत वणवण फिरते आहे. एवढं मला ऐकू आलं नाही!

"मग वर का नाही आलीस?" मी जवळजवळ ओरडलो. "शिडी होती. चार पायऱ्या. आवाज गेला तुझा!"

"मी का चढायचं?" ती म्हणाली. त्याच घोगऱ्या आवाजात, मान ताठ करून. "हाक माझी होती. ओ तू द्यायची होतीस."

"आणि माची गेली ती?"

"गेली. तू एका घड्याळासाठी हटून बसलास, मी एका ओ साठी. सारखेच. मुकादमाने खाली धाडलं, खाली काम केलं. आवाज गेला आणि जरा जाड होऊन परत आला. त्याच आवाजाने तुम्हाला दोघांना वाढवलं, त्याच आवाजाने त्या मुकादमाला निवृत्तीच्या दिवशी काय काय सुनावलं ते कारखान्याला अजून आठवतं. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. मुलं दोन, आणि ओ एकाचीही नाही."

वहिनी पदर डोळ्याला लावून म्हणाली, कांदा आहे. चिरत होती ती दोडका.

तर आता माझं म्हणणं ऐक. मी माघार घेतलेली नाही. शब्द चूक आहे आणि मी मरेपर्यंत चूकच म्हणेन. पण तू तो ठेव. त्या पोराच्या कानाचा आहे म्हणतोस ना, मग ठेव त्याच्याच गळ्यात. फक्त दुसऱ्या आवृत्तीत एकशे अठराव्या पानाच्या आधी एक पान वाढव: टाकी, घड्याळ, शिडीपाशी उभी बाई. थोरल्यासकट. "मनाने बोथट" जिथे आहे तिथे "भेकड" घाल, माझी लेखी परवानगी समज. आणि त्या बाईच्या आवाजाला तिथे काय म्हणायचं ते मग तुझं तूच बघ. ते पान लिहून झाल्यावर तुझ्या हातून दुसरा शब्द निघाला तर मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवीन.

आणखी एक. आईने आज सकाळी चहा घेताना विचारलं, पत्र त्याच्याकडे किती दिवसांनी पोचतं. मी म्हणालो, तीन. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मग चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता त्याला फोन लाव. मी बोलणार आहे."

मी म्हणालो, "त्याने घेतला नाही तर?"

"तर पुन्हा लाव."

तेव्हा तुला आगाऊ कळवून ठेवतो. नंबर मी फिरवीन, माझ्या आवाजाची भीती बाळगू नकोस, मी तोंड उघडणार नाही. पलीकडून घोगरा आवाज आला तर "कोण काका?" विचारू नकोस. ती तुझं नाव घेईल. आणि उचलला नाहीस, तर अकराला पुन्हा, बाराला पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. दुकान मी त्या दिवशी बंद ठेवलं आहे. तिचा नियम तुला आता माहीत आहे.

थोरला